पूर्णविराम आला कुठून? मराठीच्या लेखननियमांची गोष्ट

(आजचा भाग कानापेक्षा डोळ्यांचा जास्त आहे. टिंब, रेघ, वेलांटी या गोष्टी बोलून दाखवणं अवघड. म्हणून या वेळी लिखित रूप उदाहरणांसकट, जरा सविस्तर देतेय.)



तीन शब्द घेऊ. आई बाबा जेवले. फॅमिली ग्रुपवर एवढाच मेसेज आला, तर नक्की काय झालं?

"आई-बाबा जेवले." म्हणजे दोघंही जेवले, विषय संपला. "आई, बाबा जेवले." म्हणजे कुणीतरी आईला कळवतंय की बाबांचं झालं, आता तू बस. आणि "आई, बाबा जेवले?" म्हणजे कुणीतरी लांबून चौकशी करतंय. शब्द तेच, क्रम तोच. फरक फक्त एका बारीक चिन्हाचा.

गंमत अशी की मराठीत हा घोळ जरा जास्तच होतो. आपण बाबांना आदरार्थी बहुवचन लावतो. एकटे बाबा असले तरी 'जेवले' आणि दोघं असले तरी 'जेवले'. क्रियापद काहीच मदत करत नाही. मदतीला येतो तो स्वल्पविराम.

मग साहजिक प्रश्न पडतो: हा स्वल्पविराम आपल्याकडे आला कुठून? ज्ञानेश्वरीत तो नव्हता. शिवकाळातल्या पत्रांत नव्हता. पेशव्यांच्या दफ्तरात नव्हता. आणि ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार, 'हे शुद्ध, ते अशुद्ध' हा जो सगळा पसारा आपल्याला शाळेत 'असंच असतं' म्हणून शिकवला जातो, तो कुणी ठरवला? कधी? कुणासाठी?

आज त्याचीच गोष्ट.

चिन्हं नव्हती तेव्हा काय चालायचं?

आधी मोडीचं पान डोळ्यांसमोर आणा. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग त्या रेघांखाली अक्षरं लटकवत जातो. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. वाक्य कुठे संपलं याची खूण नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, एवढा मोठा राज्यकारभार या गुंतवळ्यावर चालला तरी कसा?

चालला, कारण विरामाचं काम भाषाच करत होती. मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येतं. 'आले', 'दिले', 'पाठविले' दिसलं की वाचणाऱ्याला कळायचं, एक विधान पूर्ण झालं. शिवाय 'की', 'जे', 'ऐसे', 'म्हणोन', 'येणेप्रमाणे' असे शब्द होतेच. यांना बोलता येणारी विरामचिन्हं म्हणायला हरकत नाही.

आजही आपण म्हणतो, "मी उद्या येतो म्हणून तो सांगून गेला." यातला 'म्हणून' काय करतो? दुसऱ्याचं बोलणं कुठे संपलं ते दाखवतो. इंग्रजीला जिथे अवतरणचिन्ह लागतं, तिथे मराठीचा एक शब्द काम भागवतो. आणि पत्रं बहुतेक वेळा मोठ्यानं वाचून दाखवली जायची. थांबायचं कुठे, हे वाचणाऱ्याचा आवाज ठरवायचा.

कवितेत, पोथीत उभे दंड असायचे. ओवी संपली की दोन दंड. पण गद्याला वेगळी चिन्हं हवीत, असं फारसं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

मोडीची अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मोडीत साधारणपणे 'इ'साठी एकच वेलांटी आणि 'उ'साठी एकच उकार चालायचा. ह्रस्व की दीर्घ, हा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून आज पोरांच्या वह्या लाल होतात, ती गोष्ट दफ्तरी मराठीनं शतकानुशतकं मनावरच घेतली नव्हती.

छापखाना आला, मास्तर आले

छापील मराठीचा इतिहास सुरू होतो गोव्यात. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. याच स्टीफन्सनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. (रोमन लिपीत मराठी टाइप करणारे तुम्ही पहिले नाही, हे सांगायला ही एवढी माहिती पुरे.)

पुढे १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी इंग्रजीतून मराठीचं व्याकरण छापलं. त्यांना मदत होती पंडित वैजनाथ यांची. हे पुस्तक होतं मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी.

खरा बदल झाला पेशवाई गेल्यानंतर. मुंबई इलाख्यात सरकारी शाळा सुरू झाल्या. शाळा म्हणजे पुस्तक, पुस्तक म्हणजे छपाई आणि छपाई म्हणजे एकच मजकूर शेकडो मुलांच्या हातात. आता प्रत्येक मुलाशेजारी वाचून दाखवणारा कारकून बसणार नव्हता. थांबायचं कुठे, हे पानालाच सांगावं लागणार होतं.

इथे एक नाव येतं: मेजर थॉमस कँडी. कँडी आणि त्यांचे जुळे भाऊ जॉर्ज १८२२ मध्ये हिंदुस्थानात आले. दोघंही मराठीत इतके रमले की मोल्सवर्थ यांच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात, म्हणजे १८३१ च्या आवृत्तीत, दोघांचाही हातभार लागला. थॉमस कँडी पुढे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले, सरकारचे मराठी भाषांतरकार झाले आणि शाळेची मराठी पुस्तकं बरीच वर्षं त्यांच्या नजरेखालून जात राहिली.

याच कँडींनी १८५० मध्ये एक पुस्तक काढलं, 'विरामचिन्हांची परिभाषा'. इंग्रजी विरामचिन्हांची मराठीला नीट ओळख करून देणारं हे पुस्तक. आजच्या भाषेत सांगायचं तर मराठीची पहिली 'स्टाइल गाइड'.

त्याचा परिणाम आजही रोज दिसतो. हिंदीचं एखादं छापील पान बघा. बहुतेक ठिकाणी वाक्याच्या शेवटी उभा दंड असतो. मराठीचं पान बघा. तिथे टिंब असतं. लिपी दोघींची देवनागरी, पण पूर्णविराम वेगळे. पोथीतला दंड आपल्या जुन्या कवितेत राहिला आणि गद्यात इंग्रजी पद्धतीचा ठिपका स्थिरावला.

म्हणजे ज्या चिन्हांवाचून आज 'शुद्ध मराठी' पूर्ण होत नाही, ती मराठीत रुजवली एका इंग्रज माणसानं, जो मराठी मोठेपणी, परका म्हणून, शिकला होता. मला यात काही कमीपणा वाटत नाही. उलट बरोबर वाटतं. परक्या माणसालाच प्रश्न पडतो की इथे थांबायचं का. जन्मापासून भाषा बोलणाऱ्याचा कान ते काम परस्पर करून टाकतो.

बावीस वर्षांचा व्याकरणकार

कँडींच्या पुस्तकाआधी चौदा वर्षं, १८३६ मध्ये, मुंबईत 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झालं. लेखक दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१४ चा. हिशेब करा. बावीस वर्षांचा मुलगा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्याच वयाचा.

दादोबांना पुढे 'मराठीचे पाणिनी' म्हटलं गेलं. पण पुस्तक एकदा लिहून ते थांबले नाहीत. नवीन आवृत्ती आली की बदल, भर, दुरुस्ती चालूच. व्याकरण म्हणजे दगडावरची रेघ नाही, हे पहिल्या मोठ्या व्याकरणकाराच्या वागण्यातच दिसतं.

त्यांच्यासमोर अडचण मोठी होती. साचे दोनच उपलब्ध होते, एक संस्कृतचा आणि दुसरा इंग्रजीचा. मराठी धड कुठल्याच साच्यात बसत नाही. शाळेत आपण घोकलेलं 'स, ला, ते' आठवतंय? प्रथमा, द्वितीया, तृतीया ही सगळी मांडणी संस्कृतची. 'रामाने रावणाला मारले' यातला 'ला' द्वितीयेचा आणि 'मी रामाला पुस्तक दिले' यातला 'ला' चतुर्थीचा. प्रत्यय तोच, नाव वेगळं. मुलं गोंधळतात यात नवल नाही. व्याकरणकारही यावर पुढे कित्येक दशकं भांडत राहिले.

दादोबांची दुसरी ओळख मला तितकीच महत्त्वाची वाटते. १८४९ मध्ये मुंबईत 'परमहंस सभा' स्थापन करणाऱ्यांत ते होते. ही गुप्त सभा होती. तिचे सभासद एकत्र जेवून जातीचे निर्बंध मोडायचे. म्हणजे एक हात भाषेचे नियम बांधत होता आणि दुसरा हात माणसांवरचे नियम सोडवत होता. हे दोन्ही एकाच माणसात राहू शकतात, हे लक्षात ठेवा. कारण आता उलटी गोष्ट येतेय.

व्याकरणाची काठी

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. भाषा बोलती, रोखठोक, ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्या तोंडातली.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. मराठी गद्याला तिनं मोठं बळ दिलं, यात वाद नाही. लांबलचक वाक्यं, त्यातली विरामचिन्हं, पल्लेदार युक्तिवाद, हे सगळं मराठीला जमतं हे चिपळूणकरांनी दाखवून दिलं. पण त्याच 'निबंधमाले'त फुल्यांचा समाचार घेताना त्यांच्या मुद्द्यांबरोबर त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाचीही टर उडवली गेली.

ही युक्ती ओळखीची वाटते ना? समोरचा म्हणतोय, तुम्ही आमच्यावर अन्याय केलात. उत्तर काय? तुमची वेलांटी चुकली आहे. आजही कुठल्याही वादात हे दिसतं. मुद्द्याला उत्तर सापडलं नाही की लोक शुद्धलेखनाकडे वळतात.

आणि हे फक्त पुस्तकांपुरतं राहत नाही. 'पानी' म्हणणारं पोर वर्गात उभं राहिलं की मागच्या बाकावरून हशा येतो. तो हशा त्याच्या गावाला, त्याच्या घराला, पुष्कळदा त्याच्या जातीला असतो. 'न' आणि 'ण' हे फक्त निमित्त. मग ते पोर शिकतं काय? 'ण' शिकत नाही. गप्प बसायला शिकतं. मोठं झाल्यावर 'मराठीत चुका होतील' म्हणून रोमनमध्ये टाइप करतं किंवा मोडक्या इंग्रजीत ईमेल लिहितं. कारण इंग्रजीत चुकलं तर लोक म्हणतात शिकतोय आणि मराठीत चुकलं तर म्हणतात, मातृभाषा येत नाही!

म्हणून हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. नियमांना जन्मतारीख असते, हे एकदा कळलं की त्यांची भीती कमी होते.

टिंबांची लढाई आणि १९६२

आता सगळ्यात रंगतदार भाग. शंभरेक वर्षांपूर्वीचं एखादं मराठी पुस्तक उघडा. पानावर जणू मोहरी सांडली आहे: 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं', 'मीं', 'तें', 'घरांत'. डोक्यावर टिंबंच टिंबं. ही टिंबं उच्चारात नव्हती. त्यांचा आधार कधी शब्दाची व्युत्पत्ती, तर कधी व्याकरणातलं रूप. 'नांव' हा शब्द 'नाम'वरून आला, म्हणून त्या 'म'ची आठवण डोक्यावर. 'घरांत' हे सप्तमीचं रूप, म्हणून तिथेही टिंब.

आता विचार करा, हे टिंब बरोबर द्यायचं तर काय यायला हवं? संस्कृत, प्राकृत आणि व्याकरणाचा जुना अभ्यास. तो कुणाकडे होता, हे सांगायला नको. ज्याच्या घरात आधीच पोथ्या होत्या त्याला टिंब सोपं. ज्याच्या घरात तो पहिलाच लिहायला शिकत होता, त्याच्यासाठी प्रत्येक शब्द म्हणजे सापळा.

या लेखनपद्धतीवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जोरदार वाद झाले. शाळेची पुस्तकं कशी छापावीत, उच्चाराप्रमाणे लिहावं की व्युत्पत्तीप्रमाणे, यावर पंडित, मास्तर, संपादक सगळे तुटून पडले. टिळकांनीही 'केसरी'त या विषयावर लिहिलं. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ आला. आजही अभ्यासकांना तो ओलांडून पुढे जाता येत नाही. हे दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ. एका भावानं मराठी कविता बदलली, दुसऱ्यानं मराठीचं व्याकरण मांडलं.

मग १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. आता कारभार मराठीत, शाळा मराठीत, अर्ज मराठीत. पण लिहायचं कुठल्या पद्धतीनं? १९६१ मध्ये मुंबई, पुणे, विदर्भ आणि मराठवाडा इथल्या साहित्य संस्थांनी मिळून मराठी साहित्य महामंडळ उभं केलं होतं. १९६२ मध्ये महामंडळानं चौदा नियम ठरवले आणि राज्य सरकारनं ते स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. एकूण अठरा. आज पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी कागदांत जे मराठी दिसतं, ते याच अठरा नियमांवर उभं आहे.

या नियमांनी काय केलं? सगळ्यात मोठं काम म्हणजे ती सांडलेली मोहरी झाडून टाकली. उच्चारात नसलेले अनुस्वार, मग ते व्युत्पत्तीनं सिद्ध होवोत की न होवोत, द्यायचे नाहीत. 'नांव'चं 'नाव' झालं, 'पांच'चं 'पाच', 'कांहीं'चं 'काही'. एका फटक्यात लाखो मुलांचं ओझं हलकं झालं. ज्या नियमांना आज आपण जाच समजतो, ते मुळात सोपं करण्यासाठी आले होते.

याच नियमांत बोलीलाही जागा आहे. पात्राच्या तोंडी 'असे केले'ऐवजी 'असं केलं' लिहायचं असेल तर शेवटच्या अक्षरावर अनुस्वार द्यावा, असं तिथे सांगितलंय. हा सगळा भाग मी ज्या 'असं-केलं'मध्ये बोलतेय, त्याला लिहायची पद्धत नियमांनीच दिली आहे.

अजून एक नियम तर इतिहासाच्या दृष्टीनं भारीच. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मूळ जसं असेल तसं छापायचं. त्यानंतरचं सगळं, केशवसुत आणि चिपळूणकर धरून, नव्या नियमांप्रमाणे. म्हणजे खुद्द चिपळूणकरांचं लेखन नव्या नियमांनी 'दुरुस्त' होऊन छापलं जाणार. आणि 'गुलामगिरी'? ती 'निबंधमाले'च्या एक वर्ष आधीची. साल धरून बघितलं तर तिला हात लावायचा नाही! नियम करणाऱ्यांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण हा योगायोग मला आवडतो.

आता त्या अठरा नियमांचं नाव बघा. 'मराठी लेखनविषयक नियम'. त्यात 'शुद्ध' हा शब्द नाही. तो आपण जोडला. साधारण त्याच काळात देशात शेर-मण जाऊन किलो आला. किलो सगळ्या दुकानांत सारखा असावा म्हणून वजनं ठरवतात. पण किलो शुद्ध आणि शेर अशुद्ध, असं कुणी म्हणत नाही. लेखनाचे नियमही तसेच. नागपूरनं लिहिलेलं पणजीला आणि पणजीनं लिहिलेलं बोस्टनला कळावं म्हणून एक ठरलेलं माप. माप पाळावं. मापानं माणूस मोजू नये.

मग शिकायचं कसं?

"ताई, हे सगळं ठीक, पण उद्या अर्ज लिहायचाय," असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. स्पर्धा परीक्षेवाल्यांना मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' वेगळं सांगायला नको. 'वाळंबे झालं का?' हा प्रश्न अभ्यासिकांमध्ये चहाइतकाच चालतो. त्याहून आटोपशीर हवं असेल तर अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात'. फडके २०२० मध्ये गेले. शब्द अडला की लगेच काढून बघता यावा, हा त्या पुस्तकाचा विचार त्याच्या नावातच आहे.

आणि यास्मिन शेख. १९२५ मध्ये नाशिकला एका ज्यू कुटुंबात जन्म, जेरुशा रूबेन हे माहेरचं नाव, पुण्यात श्री. म. माटे यांच्याकडे शिक्षण, मुस्लिम घरात लग्न आणि आयुष्यभर मराठी व्याकरणाचं अध्यापन. 'मराठी लेखन मार्गदर्शिका' आणि 'मराठी शब्दलेखनकोश' ही त्यांची पुस्तकं संपादक आणि मुद्रितशोधक हाताशी ठेवतात. मराठीची वही तपासण्याचा मान कुणा एका जातीचा किंवा धर्माचा नाही, हे यापेक्षा चांगलं कसं सांगणार?

यातलं कुठलंही एकच पुस्तक धरा. सुरुवातीला चार गोष्टी पुरतात.

पहिली, शेवटचं अक्षर. मराठी शब्दाच्या शेवटी इ-उ आला तर तो दीर्घ: पाणी, मी, तू, वाळू. संस्कृतातून आलेला 'कवि'सुद्धा मराठीत एकटा आला की 'कवी' होतो. 'आणि', 'नि' हे ठळक अपवाद.

दुसरी, कान लावा. 'गरीब' म्हणा, मग 'गरिबाला' म्हणा. जोर पुढे सरकला आणि 'री' आखूड झाली, ऐकू येतंय? तसंच वीट-विटेला, फूल-फुलाला, मीठ-मिठात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत: शरीर-शरीराला. इथे कान पुरत नाही, कोश लागतो. मोडीत एकाच वेलांटीवर का भागलं, याचं उत्तरही इथेच आहे. बोलण्यात ह्रस्व-दीर्घावरून अर्थ बदलण्याची वेळ क्वचित येते. पण कागदावर येते. महिला 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारी. बॅनर छापण्याआधी एकदा बघून घ्या.

तिसरी, उरलेलं टिंब. बहुवचनात आणि आदरार्थी ते लागतंच: मुलांनी, लोकांना, सरांनी. 'सरानी' लिहिलं तर सरांचा मानच काढून घेतला. आणि 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये, 'वेदान्त' म्हणजे तत्त्वज्ञान. अर्थ बदलत असेल तिथे अर्धा 'न' लिहायची मुभा नियमांनीच ठेवली आहे.

चौथी, स्वल्पविराम. श्वास घेतला की स्वल्पविराम, असं करू नका. हाक मारली की द्या, यादी केली की द्या, वाक्यात वाक्य घुसलं की द्या. 'की'च्या आधी द्यावा का, नंतर द्यावा का, यावर लोक भांडतात. मी दोन्हीकडे देत नाही. मोडीच्या काळापासून 'की' स्वतःच ते काम करत आलाय, त्याला मदतनीस कशाला?

आणि फोनवर लिहिणाऱ्यांसाठी एक जास्तीची. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' नमस्कार करतात, 'आचाऱ्यांना' जेवणाचा मेनू सांगतात. हा अर्धा 'र' टाइप करायला कीबोर्डवर खाली टिंब असलेला 'ऱ' शोधा, मग हलन्त, मग 'य'. काही कीबोर्डांवर तो 'र' दाबून धरला की सापडतो. मराठीची ही खास सोय आहे, वापरा.

एवढं केलं की पुस्तक बाजूला ठेवा आणि लिहा. कँडींनी चिन्हं बाहेरून आणली, दादोबांनी आवृत्तीमागून आवृत्ती बदलली, महामंडळानं मोहरी झाडली. मराठीचे नियम प्रत्येक वेळी कुणीतरी लिहिता लिहिता घडवले आहेत. पुढचे नियम कसे असतील, हे आज मराठीत किती जण लिहितात यावर ठरणार. जे लिहितच नाहीत, त्यांच्यासाठी कुणी नियम सोपे करत नाही.

तर उद्या ग्रुपवर मेसेज टाकताना तो देवनागरीत टाका. आणि कुणी ह्रस्व-दीर्घावरून हसलं, तर त्याला शांतपणे विचारा: हा नियम कुठल्या सालचा? बहुतेक वेळा पुढे शांतता असते.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, लिहीत राहा.